वाळूवर गवत, गवताखाली पाणी
नेब्रास्कातील 'सँडहिल्स'मधून चाकांवरच्या घराने एक दिवस

अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या नेब्रास्का राज्याविषयी तेथील प्रवाशांचे मत फारसे चांगले नाही. पूर्व-पश्चिम धावणाऱ्या आंतरराज्य महामार्ग ८० वरून बहुतेक जण हे राज्य एका दमात पार करतात. दोन्ही बाजूंना मक्याची शेते, मध्ये सरळ रेषेत गेलेला रस्ता आणि कधी एकदा डेन्व्हर येते याची वाट पाहणे, एवढीच त्यांची नेब्रास्काशी ओळख. मात्र ग्रँड आयलंड या शहरातून महामार्ग सोडून वायव्येकडे निघणारा 'नेब्रास्का हायवे २' धरला, की तासा-दोन तासांत देखावा पार पालटतो. मका संपतो, कुंपणे विरळ होतात आणि क्षितिजापर्यंत लाटांमागून लाटा उसळाव्यात तशा गवताने मढलेल्या टेकड्या सुरू होतात. या टेकड्या मातीच्या किंवा खडकाच्या नाहीत. त्या निव्वळ वाळूच्या आहेत.

'सँडहिल्स' या नावाने ओळखला जाणारा हा प्रदेश सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे नेब्रास्काचा जवळजवळ चौथा हिस्सा आणि महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा भरेल एवढा आहे. पश्चिम गोलार्धातील वाळूच्या टेकड्यांचा हा सर्वांत मोठा विस्तार मानला जातो. ग्रँड आयलंड ते अलायन्स हे हायवे २ चे २७२ मैलांचे, म्हणजे सुमारे ४३८ किलोमीटरचे अंतर एका दिवसात कापता येते. मोटारीने पाच तास पुरतात. 'आरव्ही' या संक्षिप्त नावाने परिचित असलेल्या चाकांवरच्या घराने निघाल्यास मात्र सकाळी लवकर सुरुवात करून संध्याकाळी पोहोचण्याची तयारी ठेवावी लागते.

टाक्या भरून निघावे

स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट, झोपण्याची जागा आणि स्वच्छतागृह एकाच वाहनात असलेली ही आरव्ही अमेरिकेत भाड्याने मिळते. नेहमीच्या भाड्याच्या आरव्हीसाठी व्यावसायिक चालक परवान्याची गरज नसते. त्यामुळे मुलाबाळांकडे अमेरिकेला गेलेली मराठी कुटुंबेही हल्ली या वाहनाने राष्ट्रीय उद्याने पाहायला निघतात. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम आकाराची आरव्ही लिटरला जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर धावते. वजन पाच-सहा टनांच्या घरात आणि बाजू भिंतीसारखी सपाट, त्यामुळे आडवा वारा आला की ती शिडाच्या होडीप्रमाणे कलू पाहते. सँडहिल्समध्ये वाऱ्याला अडवणारे झाड नाही, हे चालवणाऱ्याला पहिल्या तासाभरातच उमगते.

त्यामुळे इथल्या प्रवासाचे काही नियम आहेत. इंधन मोजक्याच गावांत मिळते. टाकी अर्धी झाली की पुढच्या गावी भरून घ्यावी. मोबाइलचे सिग्नल लांबच लांब अंतरावर नाहीसे होतात, म्हणून कागदी नकाशा जवळ असावा. पिण्याच्या पाण्याची टाकी सकाळीच भरावी आणि सांडपाण्याची रिकामी करून घ्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छायाचित्र काढण्याच्या मोहात डांबरी रस्ता सोडून वाहन कडेच्या गवतात उतरवू नये. गवत पक्के दिसते, पण त्याच्या खाली वाळूच असते. सहा टनांचे वाहन तेथे रुतले तर ते ओढून काढायला येणारा ट्रॅक्टर कोणत्या तरी दूरच्या रँचवरून यावा लागतो. शिवाय उन्हाळ्याच्या अखेरीस गवत वाळलेले असताना वाहनाच्या तापलेल्या सायलेन्सरचा स्पर्शही वणवा पेटवायला पुरेसा ठरतो. हायवेला फुटणारे अनेक उपरस्ते एकेरी रुंदीचे असून ते रँचवाल्यांच्या रोजच्या वहिवाटीचे आहेत. समोरून गुरांचा ट्रक आल्यास आरव्हीला मागे सरकायलाही जागा नसते.

ग्रँड आयलंडजवळ प्लॅट नदी वाहते. मार्च महिन्यात या नदीच्या पात्रात लाखो 'सँडहिल क्रेन', म्हणजे याच टेकड्यांचे नाव धारण करणारे क्रौंच, उत्तरेकडे जाताना मुक्कामाला थांबतात. तो काळ सोडला तर शहरात प्रवाशाला अडकवणारे फारसे काही नाही. तेथून सुमारे १३० किलोमीटरवर ब्रोकन बो हे गाव लागते. इथवर शेती आहे, कारण इथवर माती आहे. याच कस्टर काउंटीत सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६ पासून गावोगाव हिंडून वसाहतकऱ्यांची छायाचित्रे टिपली. लाकूड मिळत नसल्यामुळे गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली ढेपे विटांसारखी रचून बांधलेली घरे आणि त्यांच्या दारात आपली गाय, शिवणयंत्र, कलिंगड असे जे काही मोलाचे असेल ते मांडून उभी राहिलेली कुटुंबे त्याच्या छायाचित्रांत दिसतात. नांगराने उलथलेल्या त्याच गवताच्या थराची ही घरे होती, हे लक्षात ठेवूनच पुढे निघायला हवे.

वाळू थांबली कशी?

अँसेल्मो गाव मागे पडले की टेकड्या खऱ्या अर्थाने सुरू होतात. काही टेकड्या १२० मीटरपर्यंत उंच आणि तीस-तीस किलोमीटर लांब आहेत. वाऱ्याने रचलेल्या वाळवंटी टेकडीचा आकार त्यांनी जसाच्या तसा राखला आहे. फक्त त्या चालत नाहीत, आणि त्याचे कारण गवत.

भूगर्भाच्या हिशेबाने हे सारे अगदी अलीकडचे आहे. गेल्या दहा हजार वर्षांच्या काळात प्रदीर्घ अवर्षणे आली, तेव्हा तेव्हा गवत मेले, वाळू मोकळी झाली आणि टेकड्या सरकू लागल्या. ओल परतली की गवतानेही परतून त्यांना जागच्या जागी जखडले. शेवटचा मोठा फेरा सुमारे ८०० ते १,००० वर्षांपूर्वीचा असल्याचे वाळूच्या थरांच्या कालमापनावरून दिसून आले आहे. दक्षिणेत यादवांचे राज्य उदयाला येत होते, साधारण त्या सुमारास नेब्रास्काचा हा भाग उघडे वाळवंट होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हे गवत एका जातीचे नाही. सँड ब्लूस्टेम, प्रेअरी सँडरीड, नीडल-अँड-थ्रेड अशा अनेक जाती एकमेकींच्या आधाराने राहतात. त्यांतील काहींची मुळे खोल जाऊन ओल शोधतात, काहींची आडवी पसरून वाळू विणून टाकतात. जमिनीवर दिसते त्याहून अधिक गवत जमिनीखाली असते. हे विणकाम एखाद्या ठिकाणी उसवले, की वारा तेथे बोट घालतो. गुरांची नेहमीची वाट, कुंपणाचा कोपरा, एखाद्या वाहनाच्या चाकोऱ्या अशा क्षुल्लक जागी खळगा पडतो आणि पाहता पाहता टेकडीच्या कुशीत पांढऱ्या वाळूची वाटी तयार होते. तिला येथे 'ब्लोआउट' म्हणतात. हायवेवरून जाताना हिरव्या उतारावर अशा वाट्या अधूनमधून दिसतात. त्या बुजवण्यासाठी रँचवाले गुरांना कुंपण घालून दूर ठेवतात, वाळलेले गवत पसरतात, प्रसंगी जुने टायरही टाकतात.

यातून एक विचित्र पेच उभा राहिला. 'ब्लोआउट पेनस्टेमन' नावाची जांभळट फुलांची एक वनस्पती नेमकी या उघड्या वाळूतच उगवते. रँचवाल्यांनी टेकड्या जसजशा सांभाळल्या, तसतशी तिची जागा कमी होत गेली. १९४०च्या सुमारास ती नामशेष झाली असे मानले जात होते. १९६८ मध्ये ती पुन्हा सापडली आणि १९८७ मध्ये केंद्र सरकारने तिला धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत घातले. जखम भरली की जखमेवर जगणारा जीव उपाशी मरतो, असा हा प्रकार.

कोरड्या माळाखालचा समुद्र

या प्रदेशात पाऊस वर्षाला पश्चिमेला ४३० मिलिमीटर, तर पूर्वेला ५८० मिलिमीटरच्या आसपास पडतो. माणदेशातील पावसाशी त्याची तुलना करता येईल. एवढ्या पावसावर हा भाग कोरडा ठणठणीत असायला हवा. तरीही टेकड्यांमधल्या सखल भागात हजाराहून अधिक तळी आहेत, ओलसर कुरणे आहेत आणि भर उन्हाळ्यात काठोकाठ वाहणाऱ्या नद्या आहेत. डनिंग या गावाजवळ मिडल लूप आणि डिस्मल या दोन नद्यांचा संगम होतो. 'डिस्मल' म्हणजे उदास, खिन्न; नाव ठेवणाऱ्याने ही नदी कोणत्या दिवशी पाहिली होती कोण जाणे, कारण नितळ, थंड पाण्याचा हा प्रवाह मुळीच उदास नाही.

याचे उत्तर पुन्हा वाळूतच आहे. खडकाळ किंवा चिकण जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांनी निघून जाते. येथे ते पडता क्षणी मुरते. गवताला हवे तेवढे गवत पिते, उरलेले खाली उतरते. त्या खाली 'ओगलाला' हा भूजलाचा अवाढव्य साठा आहे. आठ राज्यांखाली सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या साठ्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश पाणी एकट्या नेब्रास्काच्या भूमीखाली आहे आणि त्याचा सर्वांत जाड थर सँडहिल्सच्या खाली, काही ठिकाणी ३०० मीटरपर्यंत आहे. तळी म्हणजे या भूजलाची जमिनीवर उघडलेली झरोके. नद्यांचे पाणीही मुख्यतः झऱ्यांचेच, म्हणून पाऊस लांबला तरी त्या आटत नाहीत आणि कोसळला तरी फारशा फुगत नाहीत.

टेक्सास आणि कॅन्सस राज्यांत याच ओगलालाची पातळी गेल्या अनेक दशकांत खाली खाली गेली आहे. तेथे मका आणि कापसासाठी पाणी उपसले जाते आणि वरून भरणा नगण्य होतो. सँडहिल्सखालची पातळी मात्र बहुतांशी टिकून आहे. वरचे गवत कोणी नांगरले नाही, हेच त्यामागचे मोठे कारण आहे. तसे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. एका मध्यबिंदूभोवती फिरत पाणी शिंपडणारे 'सेंटर पिव्हट' हे यंत्र १९५२ मध्ये पेटंट झाले आणि १९७०च्या दशकात पाणी मुबलक, जमीन स्वस्त असा हिशेब मांडून काहींनी ते थेट वाळूच्या टेकड्यांवर आणले. काही वर्षे मका आला. मग भाव पडले, खर्च परवडेना आणि सोडून दिलेल्या वर्तुळांतून वाळू उडू लागली. तेथे पुन्हा गवत धरवणे हे मका पिकवण्यापेक्षा अवघड ठरले.

हाच मुद्दा पुढे 'कीस्टोन एक्सएल' या तेलवाहिनीच्या वेळी राष्ट्रीय वादाचा विषय झाला. कॅनडातील तेल दक्षिणेकडे नेणाऱ्या या वाहिनीचा मूळ मार्ग सँडहिल्समधून जात होता. ज्या वाळूत एखाद्या ठिकाणी हातभर खणले तरी पाणी लागते, तीत तेलाची नळी पुरायची, ही कल्पना एरवी सरकारी नियमांचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणाऱ्या रँचवाल्यांनाही मानवली नाही. ते मूळनिवासी जमाती आणि पर्यावरणवाद्यांच्या बरोबरीने उभे राहिले. २०११ मध्ये कंपनीने सँडहिल्स टाळून मार्ग बदलण्याचे मान्य केले. पुढे २०२१ मध्ये संपूर्ण प्रकल्पच रद्द झाला.

माणसाने लावलेले जंगल

दुपारच्या जेवणासाठी हॅल्सी योग्य. टेकड्यांच्या उघड्या रांगांत अचानक पाइन वृक्षांचे गर्द जंगल दिसते आणि डोळ्यांवर विश्वास बसत नाही. चार्ल्स बेसी या वनस्पतिशास्त्रज्ञाची ही कल्पना. वृक्षहीन राज्याला लाकूड मिळावे, म्हणून वाळूत जंगल लावण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यासाठी जमीन राखून ठेवली. हातांनी लावलेले हे जंगल सुमारे २० हजार एकरांपर्यंत वाढले. त्याच वर्षी सुरू झालेली रोपवाटिका ही केंद्र सरकारची सर्वांत जुनी रोपवाटिका असून इतरत्र वणव्यात जळालेल्या जंगलांसाठी ती आजही रोपे पुरवते. येथील तळावर आरव्हीसाठी विजेच्या जोडणीसह जागा मिळते, सावलीही मिळते. त्यामुळे थकलेला प्रवासी बेसींना धन्यवादच देईल.

लाकडाचा उद्योग मात्र कधीच उभा राहिला नाही. उलट, आज रँचवाल्यांची सर्वांत मोठी डोकेदुखी झाड हीच आहे. पूर्वी माळावर ठरावीक काळाने वणवे लागत आणि झाडांची रोपे त्यात जळून जात. गवत मुळांतून पुन्हा फुटे. वस्ती झाल्यावर वणवे विझवले जाऊ लागले आणि 'ईस्टर्न रेडसीडर' हे सदाहरित झाड टेकड्यांवर चढू लागले. ते गवताला सावलीत मारते, पाणी पिते आणि पेटले की मशालीसारखे जळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये हॅल्सीजवळ लागलेल्या आगीत सुमारे १९ हजार एकर क्षेत्र होरपळले, मुलांच्या शिबिराची जुनी वास्तू आणि जंगलातील टेहळणी मनोरा भस्मसात झाला. आग विझवताना स्थानिक स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. आता अनेक रँचवाले एकत्र येऊन वसंतात स्वतःच नियंत्रित आग लावतात. झाड लावणे म्हणजे पुण्य, असे मानणाऱ्या वाचकाला हे पचायला जड जाईल. पण माळरान हे बिघडलेले जंगल नव्हे. महाराष्ट्रातही गवताळ माळ सरकारी दप्तरात बराच काळ 'पडीक' म्हणून नोंदला गेला आणि माळढोकाच्या मुलखात झाडे लावली गेली, त्याची येथे आठवण होते.

६४० एकर आणि गोवऱ्या

थेडफर्डनंतर लागते सेनेका. या चिमुकल्या गावात घोडे पाळावेत की नाही यावरून भांडण इतके विकोपाला गेले, की २०१४ मध्ये रहिवाशांनी मतदान करून आपली ग्रामपालिकाच विसर्जित केली. पुढे हूकर काउंटीची हद्द ओलांडताच घड्याळ एक तास मागे करावे लागते. पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशाला हा तास फुकट मिळतो.

मलेन हे त्या काउंटीतील एकमेव गाव. २०२०च्या जनगणनेत संपूर्ण काउंटीची लोकसंख्या ७११ होती. येथे गुरांना पाणी पाजण्याच्या गोल टाक्यांत बाके बसवून माणसे मिडल लूपच्या प्रवाहात सोडली जातात. 'टँकिंग' म्हणून ओळखला जाणारा हा खेळ अर्ध्या दिवसाचा. टाकीला पुढचे-मागचे काही नसल्यामुळे ती आपल्याच नादात गरगरत जाते. वेळ असेल त्याने हे जरूर करावे.

इतकी कमी वस्ती का, याचे उत्तर १९०४ च्या किंकेड कायद्यात आहे. त्याआधी १८६२ पासून वसाहतकऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळे. सँडहिल्समध्ये तेवढ्यावर पोट भरत नाही, असे दिसल्यावर खासदार मोझेस किंकेड यांनी नेब्रास्काच्या ३७ काउंट्यांसाठी ही मर्यादा ६४० एकर करून घेतली. माणसे लोटली. लाकूड नसल्याने त्यांनी ढेपांची घरे बांधली आणि गुरांच्या वाळलेल्या शेणावर चूल पेटवली. गोवरी हा काही आपलाच शोध नाही. नॉर्थ लूपच्या काठी १९०७च्या सुमारास कृष्णवर्णीय कुटुंबांनी डेविटी ही वसाहत उभारली. तिच्या शाळा होत्या, चर्च होते, बेसबॉलचा संघ होता. आज तेथे वस्ती नाही. ज्यांनी नांगर धरला त्यांची शेते दोन-चार वर्षांत उडाली. ज्यांनी गुरे धरली त्यांनाही ६४० एकर अपुरे पडले. एकाने दुसऱ्याची जमीन विकत घेतली आणि हजारो एकरांच्या रँच तयार झाल्या. लेखिका मारी सँडोझ यांनी आपल्या वसाहतकरी वडिलांवर लिहिलेल्या 'ओल्ड ज्यूल्स' या १९३५ मधील पुस्तकात या काळाचा उग्र चेहरा दाखवला आहे.

या अपयशानेच गवत वाचले. १९३०च्या दशकात दक्षिणेकडील नांगरलेली मैदाने धुळीच्या वादळांत उडाली, तेव्हा सँडहिल्स बव्हंशी जागेवर राहिल्या.

मलेन ते हायॅनिस या ६० किलोमीटरच्या टप्प्यात पाहण्यासारखे 'काहीही नाही' आणि नेमका तोच प्रवासाचा गाभा आहे. रस्त्याला समांतर धावणाऱ्या लोहमार्गावरून वायोमिंगच्या कोळशाची दीड-दोन किलोमीटर लांबीची मालगाडी जाते. वाऱ्यावर फिरणारी पाणचक्की गुरांच्या टाकीत पाण्याची धार सोडते. समोरून येणारा पिकअप ट्रकचा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तो नमस्कार असतो आणि त्याला उत्तर द्यायचे असते. वाहन थांबवून इंजिन बंद केले, तर गवतातून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. वसंतात पहाटे येथे प्रेअरी चिकनचे नर गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून नाचतात. त्यासाठी मात्र आदल्या रात्रीच मुक्काम हवा.

हायॅनिसच्या पश्चिमेला पाण्याचा निचरा नसलेली क्षारयुक्त तळी लागतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारे पोटॅश बंद झाले, तेव्हा खतासाठी याच तळ्यांचे खारे पाणी उकळून पोटॅश काढले गेले. अँटिऑक हे ठिकाण बघता बघता सुमारे दोन हजार वस्तीचे गाव झाले. युद्ध संपले, जर्मन पोटॅश पुन्हा आले आणि १९२१ पर्यंत कारखाने बंद पडले. त्यांचे काँक्रीटचे पाये आणि भिंतींचे सांगाडे हायवेलगत गवतात उभे आहेत. चारीकडून गवत त्यांच्या आत शिरले आहे.

तेथून २५ किलोमीटरवर अलायन्स. टेकड्या मावळतात आणि पुन्हा सपाट शेती दिसू लागते. गावाच्या उत्तरेला 'कारहेंज' आहे: इंग्लंडमधील स्टोनहेंजच्या मापाने, राखाडी रंग दिलेल्या ३९ जुन्या मोटारी उभ्या-आडव्या रचून जिम रेंडर्स यांनी १९८७ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ उभारलेले वर्तुळ. प्रवेशाला पैसे नाहीत आणि आरव्ही उभी करायला जागा पुरेशी आहे. हूकर काउंटीत मिळालेल्या जादा तासामुळे येथे पोहोचेपर्यंत उन्हे कलती असतात आणि माळावर उभ्या ठाकलेल्या त्या मोटारींच्या सावल्या पूर्वेला, आलेल्या वाटेकडे, लांब पसरलेल्या दिसतात.